पहिल्या हंगामास, वळसंगहून

अल्टिमेट खो-खो लीगच्या पहिल्या हंगामा,



14 ऑगस्ट 2022 ला तू पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सुरू झालास आणि 4 सप्टेंबरला संपलास. तीन आठवड्यांचा तुझा मुक्काम. तेवढ्यात तू आमच्या खेळाला जे दिलंस, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. तुझ्याकडे एक तक्रारही आहे, पण ती नंतर.

मी वळसंगची. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना रस्त्यावर लागतं ते गाव, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. बाहेरच्यांना आमचं गाव माहीत असतं ते विहिरीमुळे. 24 एप्रिल 1937 ला बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि त्यांच्या हातून ती खुली झाली. आमच्या भागात निम्मं बोलणं कानडीत चालतं, निम्मं मराठीत. मैदानावर मात्र दोन्ही घरांतल्या मुली एकच शब्द ओरडायच्या, आणि त्या शब्दाला ना चेंडू लागत होता, ना बॅट, ना जाळी. दोन खांब रोवले, चुन्याने रेघा मारल्या, मुरमावर पाणी शिंपडलं की खेळ सुरू. मी शाळेत असेपर्यंत खेळले. पळती खेळायला मला जास्त आवडायचं.

खो-खो आम्हाला भेटायचा तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, तळाच्या चौकटीत. अमक्या संघाने तमक्याला एक डाव आणि पाच गुणांनी हरवलं, आणि पुढे कंसात अमकी 2.10 मिनिटं व 3 गडी. ज्याने खेळ पाहिलेला नाही त्याला त्या आकड्यांतून काही दिसत नसे. आम्हाला सगळं दिसायचं. दोन मिनिटं दहा सेकंद म्हणजे किती हुली, किती वेळा साखळी मोडून वर्तुळात शिरणं, खांबापाशी किती वेळा श्वास कोंडणं, हे आम्ही पायांनी जाणत होतो. पण ते घरच्यांना दाखवता येत नव्हतं. ज्याने पाहिलंच नाही, त्याला कसं सांगायचं?

तू ते दाखवलंस. तुझं हे देणं मी सगळ्यांत मोठं मानते. सोनीच्या वाहिन्यांवर, दिव्यांच्या झगझगाटात, संथगतीने पुन्हा पुन्हा. धावणाऱ्याने एका खांद्याने हूल दिली आणि पाठलाग करणारा त्या खांद्याबरोबर वाहवत गेला, हे कॅमेऱ्याने पकडलं तेव्हा खो-खो कधीच न खेळलेली माणसंही 'अरे!' म्हणाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या खेळाचे नियम पुण्यातच, डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. म्हणून तू बालेवाडीत भरलास याचाही मला आनंद झाला.

नियम तू बदललेस. जुन्या लोकांना ते आवडलं नाही, मला आवडलं. नऊ खेळाडूंच्या जागी सात, नऊ मिनिटांच्या पाळीच्या जागी सात मिनिटांची. जुन्या खेळात गडी कसाही बाद केला तरी गुण एकच. तू साध्या स्पर्शाला दोन गुण दिलेस आणि हवेत सूर मारून किंवा खांबावरून झेपावून गडी टिपला तर तीन. वझीर आणलास, कोणत्याही दिशेने वळू शकणारा. एकदा दिशा धरली की ती सोडायची नाही, हे ज्यांच्या हाडात मुरलंय त्यांना वझीर पाहताना आधी धक्काच बसतो. आणि पळतीच्या बाजूने बराच वेळ तग धरला तर तिलाही गुण मिळू लागले. हा बदल मला सगळ्यांत न्यायाचा वाटला. पळणाऱ्यांची मेहनत आजवर फक्त घड्याळात दिसायची, गुणफलकावर ती तुझ्यामुळे आली.

तुझा शेवटचा सामना तर मी विसरूच शकत नाही. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. योद्धाज 45, ओडिशा 43, आणि घड्याळात शेवटचं मिनिट. साध्या स्पर्शाने बरोबरी झाली असती, जिंकायला सूरच हवा होता. सूरज लांडेने चौदा सेकंद उरले असताना अवधूत पाटीलवर झेप घेतली. 46-45. एक कोटीचं बक्षीस ओडिशाला गेलं. संघ ओडिशाचा आणि तेलुगू, पण झेपावणारा लांडे आणि बाद झालेला पाटील. तुझ्या सहा संघांत महाराष्ट्राचं नाव फक्त मुंबई खिलाडीजला होतं. ओडिशा, चेन्नई, गुजरात, राजस्थान, तेलुगू या बाकीच्या जर्सींमधूनही जागोजागी मराठी मुलं पळत होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खेळाडूला जिथे मैदान मिळेल ते त्याचं गाव.

आमच्या जिल्ह्याचा रामजी कश्यप तुझ्यामुळेच देशाला दिसला. तो वेळापूरचा, म्हणजे माळशिरस तालुक्यातला, जिथे ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाला थांबते त्या गावचा. चेन्नई क्विक गन्सकडून तो खेळला. चेन्नईचा सामना असला की आमच्याकडे चेन्नई हाच घरचा संघ व्हायचा. सोलापूर जिल्ह्यात वेळापूर, वाडीकुरोली ही गावं खो-खोवाल्यांना तोंडपाठ आहेत. तिथे पोरं-पोरी पहाटे मैदानावर असतात.

पोरं आणि पोरी, असं मी लिहिलं. माझी तक्रार इथेच सुरू होते.

तुझ्या सहा संघांत एकही मुलगी नव्हती.

महाराष्ट्रात खो-खो हा मुलींचा खेळ नाही असं कोण म्हणेल? शाळेच्या मैदानावर कबड्डीला मुलगी पाठवायची म्हटलं की घरात कुजबुज होते, पण खो-खोला आई स्वतः वेणी घट्ट बांधून पाठवते. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी 2016 ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. 2020 ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो मिळाला तब्बल बावीस वर्षांनी, आणि त्याआधी 1998 ला मिळाला होता तोही शोभा नारायण या खेळाडूलाच. दोन दशकांहून जास्त काळ या खेळाचा देशातला सर्वांत मोठा मान मुलींनी सांभाळला. मग लीग भरली तेव्हा त्या कुठे होत्या? घरी, टीव्हीसमोर.

कारणं मला माहीत आहेत. नवी लीग आहे, प्रायोजक आधी जमवायचे, मुलींचं पुढच्या टप्प्यात बघू. प्रत्येक खेळात हेच झालं. आयपीएल 2008 ला आली, मुलींची प्रीमियर लीग 2023 ला. मधली पंधरा वर्षं ज्या मुली ऐन भरात होत्या त्यांचा खेळ संपून गेला. प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाली. 2016 ला मुलींचे तीन संघ करून मोजके सामने पुरुषांच्या हंगामाला जोडले, आणि तो प्रयोग तिथेच थांबला. पुढचा टप्पा असा आपोआप येत नाही. कोणीतरी तो पहिल्या दिवशीच कागदावर मांडावा लागतो.

आणि लीग स्वतः तरी किती दिवसांची, याचीही मला धास्ती आहे. पाच-पाच जणांच्या फुटबॉलची, म्हणजे फुटसलची, प्रीमियर फुटसल नावाची लीग आपल्याकडे 2016 ला आली. फिगो, फाल्काओ, रोनाल्डिन्यो अशी नावं तिच्याशी जोडलेली. पहिलं विजेतेपद मुंबईने जिंकलं. 2017 ला दुसरा हंगाम झाला आणि मग दुकान बंद. तुझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझ्या लीगचा दुसरा हंगाम, 24 डिसेंबर 2023 ला कटकमध्ये आला, 13 जानेवारी 2024 ला गुजरात जायंट्सने चेन्नईला 31-26 असं हरवलं आणि तो संपला. तुमच्या दोघांत सोळा महिन्यांचं अंतर. एवढ्या काळात सतरा वर्षांची मुलगी अठरा पार करते, आणि आमच्याकडे अठरा म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको.

दहावीपर्यंत सगळ्या खेळतात. मग कॉलेज सोलापुरात, एसटीची वेळ ठरलेली, संध्याकाळी मैदानावर थांबलं तर शेवटची गाडी चुकते. वडील वाईट नसतात. ते एवढंच विचारतात, 'पुढं काय?' मुलगा उत्तर देऊ शकतो, कारण तू आलास: लीग आहे, पैसे आहेत, टीव्हीवर दिसेन. मुलीकडे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण असतं, पण त्यासाठी मोठ्या स्पर्धांपर्यंत पोहोचायचं, त्याआधी राज्याच्या संघात यायचं, त्याआधी जिल्ह्याच्या. इतकी वर्षं घराने कशाच्या भरवशावर थांबायचं? माझ्या बरोबरीच्या ज्या मुली माझ्याहून चांगल्या पळायच्या, त्यांच्यापैकी कुणीही बारावीनंतर खेळली नाही. मीही नाही. कुणी सक्तीने मैदान सोडायला लावलं नाही. थांबायला काही कारणच दिसत नव्हतं.

जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तुझ्याच धर्तीच्या वेगवान नियमांनी, मॅटवर. तिथे मुलींची स्पर्धा मुलांच्या बरोबरीने होती. त्याच स्टेडियममध्ये, त्याच आठवड्यात. पहिल्याच सामन्यात आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला 175-18 असं हरवलं. 19 जानेवारीच्या अंतिम फेरीत नेपाळवर 78-40. मुलांनीही नेपाळलाच हरवलं, 54-36. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. वाईकर तुझ्या मॅटवर तेलुगू योद्धाजकडून खेळून तयार झाला होता. पडद्यावर, गर्दीत, शेवटच्या मिनिटाच्या दडपणाखाली कसं खेळायचं हे त्याला तू शिकवलंस. इंगळेला आणि तिच्या मुलींना ते कुणी शिकवलं? कुणीच नाही. तुझ्यासारखी लीग न खेळता त्या जगज्जेत्या झाल्या. त्यांच्याकडे कौशल्य आहे का, बघायला लोक येतील का, हे प्रश्न त्या दिवशी निकाली निघाले.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. तू होऊन गेलास, पण तू थोरला आहेस. तू घातलेला पायंडा पुढचे हंगाम पाळतात. त्यांच्यापर्यंत माझं हे पत्र पोहोचव.

मुलींचे सामने चव म्हणून मध्ये दोन-चार नकोत. त्याच सहा संघांच्या नावाने मुलींचे सहा संघ, त्याच दिवशी, त्याच मॅटवर, संध्याकाळच्या त्याच वेळेला, आणि बक्षीसही तेवढंच. मुलांच्या आणि मुलींच्या गुणांची बेरीज करून संघाचा क्रम लावला तर अजून चांगलं. मग मालकाला मुलींचा संघ ओझं वाटणार नाही, विजेतेपद त्यांच्या हातात असेल.

दुसरं मॅटचं. मुरमावर वाढलेली मुलगी मॅटवर पहिल्यांदा उतरते तेव्हा तिचा तोल वेगळा पडतो. मुरमावर थांबताना पाय थोडा घसरू द्यायचा असतो, मॅटवर तो जागीच धरतो आणि गुडघा पिरगळतो. सूर मारायचा तर उलट आहे: मुरूम कोपर सोलून काढतो, म्हणून आमच्या मुली सूर कमी मारतात. तुझे तीन गुण मात्र सुरालाच. जिल्ह्यात शाळकरी मुलींना रोज वापरता येईल असं मॅट असायला हवं. ते नसेल तर निवड चाचणीला गावची मुलगी अंगातल्या गुणांत नाही, सरावात हरते.

आणि तिसरं, चाचणीच. ती पुण्यात होवो, दिल्लीत होवो, पण सोलापुरातही होऊ दे. वळसंगहून सकाळच्या एसटीने निघालेली मुलगी चाचणी देऊन अंधार पडायच्या आत घरी परतू शकेल, एवढ्या अंतरावर. तारीख दहावी-बारावीच्या परीक्षेत धरू नकोस, आणि महिनाभर आधी शाळेला कळव, म्हणजे वडिलांना विचारायला तिला वेळ मिळेल.

तुझी,
वळसंगची एक जुनी खेळाडू