गज आणि मूठ

तंबोऱ्याची तार छेडली की स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. एकदा बोट सुटले की त्या स्वराचे पुढे काय व्हावे, हे वादकाच्या हाती फारसे उरत नाही. सारंगी, दिलरुबा, व्हायोलिन, चेलो या गजाने वाजणाऱ्या वाद्यांचे तसे नाही. तारेवर गज फिरत असेतो स्वर जिवंत असतो आणि त्याच्या आरंभापासून अखेरीपर्यंतच्या प्रत्येक क्षणाला वादकच उत्तरदायी असतो. पन्नाशी उलटल्यावर मी चेलोकडे वळलो तो या उत्तरदायित्वाच्या ओढीने. स्वर म्हणजे मुखात अडथळा न होता वाहणारा ध्वनी, हे ध्वनिविचार शिकवताना मी वर्षानुवर्षे सांगत आलो. तो वाहता ठेवणे हाताला किती कठीण जाते, हे अनुभवावे असे वाटू लागले होते.

चेलोचे शिक्षक मला पाचोऱ्यात मिळाले नाहीत. महिन्यातून एकदा रेल्वेने मुंबई गाठायची, एका वयोवृद्ध गोमंतकीय वादकांसमोर तास-दीड तास बसायचे आणि उरलेले दिवस घरी एकट्याने सराव करायचा, असा क्रम ठरला. संपर्कसत्र आटोपून परतणाऱ्या आणि मग पुस्तकासमोर एकट्याच उरणाऱ्या विद्यार्थ्याला ही स्थिती निराळी समजावून सांगायला नको.

पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथे घडलेले अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांचा कणा झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्या पिढीतले; संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. माझे शिक्षकही त्याच परंपरेतले. त्यांनी पहिले तीन महिने माझ्या डाव्या हाताला कामच दिले नाही. चेलोला चार तारा असतात आणि शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते. त्या मोकळ्या तारांवर केवळ गज ओढायचा आणि परत आणायचा, एवढाच पाठ.

हा पाठ दिसतो तितका साधा नाही. गज म्हणजे किंचित बाक दिलेली लवचीक काठी आणि तिच्यावर ताणलेले घोड्याच्या शेपटीचे केस. त्या केसांना राळ लावतात. राळेमुळे तार केसांना चिकटते, त्यांच्याबरोबर ओढली जाते, ताण असह्य झाला की सुटून मागे येते आणि पुन्हा चिकटते. चेलोच्या सर्वांत उंच स्वराच्या तारेवर हे सेकंदाला २२० वेळा घडते. म्हणजे चार सेकंदांच्या एका ओढीत ८८० वेळा. या कंपनाचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी उलगडले. पुढे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात याच विषयाचा सखोल अभ्यास करून १९१८ साली त्यावर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. कानाला सलग वाटणारा स्वर प्रत्यक्षात असा असंख्य धरण्या-सोडण्यांचा बनलेला असतो.

वादकाच्या हाती तीनच गोष्टी असतात : गजावरचे वजन, गजाचा वेग आणि तारेवरची जागा. वजन जास्त आणि वेग कमी झाला की तार करकरते. वजन कमी आणि वेग जास्त झाला की स्वर पोकळ होतो. घोडीच्या जवळ गज संथ आणि भारदस्त चालवावा लागतो, पट्टीच्या बाजूला हलका आणि चपळ. वजन द्यायचे तेही बोटांनी दाबून नव्हे, तर खांद्यापासून सैल सोडलेल्या हाताच्या भाराने. अंगठा किंचित वाकलेला, बोटे काठीवर सहज विसावलेली. "दाबू नका, टेकवा," एवढेच शिक्षक सांगत.

मला मात्र उमज पडला तो चाड्यावरून. आमच्याकडे पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरण्याचे काम कोणाच्याही हाती देत नाहीत. तिफण चालत असते, बैलांची चाल कमीजास्त होत असते आणि मुठीतून बी मात्र सारखेच सुटावे लागते. मूठ आरंभी सैल पडली तर तासाच्या एका टोकाला दाटी होते आणि दुसरे टोक विरळ राहते. गजाचेही असेच. मुठीकडच्या भागात गज जड असतो, टोकाकडे हलका; म्हणून टोकाकडे जाताना हाताने भार वाढवत न्यावा लागतो. चार मात्रांपैकी पहिल्या दोन मात्रांतच सारा गज खर्च झाला, तर उरलेल्या दोहोंसाठी काही शिल्लक राहत नाही.

गजाची दिशा बदलते ती जागा तर संधीसारखी. दोन स्वर एकमेकांना भेटावेत आणि सांधा जाणवू नये. संधीचे नियम पाठ असून येथे उपयोग होत नाही. मनगट वेळेवर मऊ व्हावे लागते.

चौथ्या महिन्यात मला वाटू लागले, की माझे वादन पूर्वीपेक्षा बिघडले आहे. पूर्वी न जाणवणारी करकर आता प्रत्येक ओढीत खुपत होती. शिक्षकांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "वाजवणं तेच आहे. तुमचे कान पुढे गेलेत."

भाषेच्या अभ्यासकाला हे नवे वाटू नये. आकलन आधी येते, अभिव्यक्ती मागून. मूल आधी समजते, मग बोलते; पण या दोहोंमधले अंतर त्याला सलत नाही, कारण ते स्वतःचे बोलणे तपासत बसत नाही. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ च्या ग्रंथात भाषा सहज आत्मसात करण्याचा काळ बालपणापासून पौगंडावस्थेपर्यंतचा मानला. पुष्कळ प्रौढ त्यातून एवढाच अर्थ काढतात, की आपली वेळ गेली. त्या सिद्धान्तात शिकणे संपल्याचे म्हटलेले नाही; पुढे ते सहजपणे न होता प्रयत्नपूर्वक होते, एवढेच त्यातून निघते. प्रयत्नपूर्वक शिकणाऱ्याला आपला कान आणि आपला हात यांतले अंतर सतत दिसत राहते. पुष्कळांचा सराव सुटतो तो याच टप्प्यावर, हात शिकत नाही म्हणून नव्हे, तर कान शिकला म्हणून.

शिक्षक दूर असताना हा पुढे गेलेला कानच शिक्षकाचे काम करतो. मी आजही रोज वीस मिनिटे मोकळ्या तारांवर गज ओढतो. काही ओढी पहिल्या मात्रेपासून चौथीपर्यंत सारख्या भरतात, पुष्कळशा भरत नाहीत. कोणत्या भरल्या नाहीत आणि त्यांत वजन चुकले की वेग, हे आता मुंबईला न जाता कळते. कधी स्वतःच्याच जुन्या उत्तरपत्रिका वाचताना तुम्हांला त्या अपुऱ्या वाटू लागल्या, तर वही मिटू नका. तुमचा कान पुढे गेला आहे. हाताला थोडा अवधी द्या.