बाबांच्या येझदीची किक

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला बाबांनी नेहमीप्रमाणे येझदीला हळद-कुंकू लावलं, हार घातला आणि किक मारायला पाय उचलला. दांडा खट्‌दिशी आवाज करून रिकामाच खाली गेला. बाबांचा तोल गेला, ते परसातल्या भिंतीवर आदळले. लागलं नाही फारसं. पण ८१ वर्षांच्या माणसाला जे लागायचं ते कोपराला थोडंच लागतं! दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "भंगारवाल्याला बोलव. पुरे झालं."

ही गाडी आमच्या घरात १९८४ साली आली. दोनशे पन्नास सीसीची, टू-स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. १९८६ साली धाकटीच्या वेळी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा रात्री रिक्षा मिळाली नाही, तर बाबांनी तिला याच गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं होतं. आई ही गोष्ट सांगताना दरवेळी एक खड्डा वाढवायची. आता आई नाही. त्या गाडीचं भंगार म्हटल्यावर मला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

वाचकांतल्या तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. म्हैसूरला यादवगिरीत १९६१ साली हा कारखाना सुरू झाला. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्यावर गाड्या निघायच्या, त्यांनाही जावाच म्हणत. पुढं सत्तरच्या दशकात येझदी हे नाव आलं, १९७८ साली रोडकिंग आली आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे आमच्या गाडीचं माहेर बंद होऊन पंचवीस वर्षं उलटून गेली. भाचा म्हणाला, "मामा, येझदी परत सुरू झालीय की! शोरूममध्ये विचार." २०२२ पासून नवी येझदी रस्त्यावर आली हे खरंच. पण ती ३३४ सीसीची, फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. टाकीवरच्या नावाखेरीज आमच्या गाडीशी तिचं नातं नाही.

शहापुरातल्या आमच्या जुन्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी डाव्या बाजूचं झाकण उघडलं. या गाडीची गंमत ठाऊक असेलच, किकचा आणि गिअरचा दांडा एकच. गाडी सुरू करायची तर तोच दांडा आत दाबून वर फिरवायचा, की झाली किक. सुरू झाली की परत खाली, झाला गिअर. आतमध्ये किकचा पोकळ दांडा, त्याच्या टोकाला हातपंख्याच्या आकाराचा दातेरी तुकडा, आणि त्या पोकळीतून आरपार जाणारा गिअरचा दांडा. आमच्या पंख्याचे सुरुवातीचे चार दात झिजून म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे झाले होते. मेस्त्री म्हणाले, "हे मिळत नाही. मिळतंय ते बसत नाही. बसतंय ते टिकत नाही."

मी हट्टाला पेटलो. पुण्याला नाना पेठेत हिंडलो, बेंगळुरूला जे.सी. रोडवर एका मित्राला हिंडवलं. शेवटी एका दुकानदारानं फोनवर छातीठोक सांगितलं, "रोडकिंगचाच आहे साहेब, ओरिजिनल, जुना स्टॉक." चकचकीत पिशवीतून भाग आला. दात मोजले, बरोबर. पण बसवताना कळलं, आतली पोकळी अर्ध्या मिलिमीटरनं मोठी. गिअरचा दांडा आत डुगडुगायला लागला. मेस्त्रींनी दातावर कानस घासली तर लोण्यासारखा कीस निघाला. खरा दात असता तर कानस नुसती घसरली असती. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही.

त्या दिवशी मेस्त्रींनी मला समोर बसवून शिकवलं. "गाडीचं नाव सांगू नको, माप सांग. ह्ये बेअरिंग बघ. ६२०५ लिहिलंय नव्हं? शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुण. पंचवीस. आतलं छिद्र २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. मग ते येझदीतलं असू दे नाहीतर गिरणीच्या मोटरीतलं." (हा पाचाचा हिशोब ०४ आकड्यापासून पुढं चालतो, हे त्यांनीच नंतर सांगितलं.) फक्त इंजिनाच्या क्रँकला घेताना आकड्यापुढं सी-थ्री लिहिलेलं घ्यायचं, कारण तापल्यावर फुगायला आत जागा लागते. ऑइल सीलवर तीन मापं छापलेली असतात, आतलं, बाहेरचं, जाडी. तीन जुळली की कुणाच्याही गाडीचं चालतं, मात्र रबर पेट्रोलला आणि उष्णतेला टिकणारं हवं. टू-स्ट्रोकला सील म्हणजे प्राण. क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि गाडी पांढरा धूर ओकत चुलीसारखी चालते. पिस्टनचं मात्र वेगळं. व्यास जुळला म्हणून पिस्टन जुळला असं नाही. पिनचं छिद्र, पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची, रिंगेच्या खाचेतली खुंटी, सगळं बघायचं. खुंटीची जागा चुकली आणि रिंगेचं तोंड सिलेंडरच्या खिडकीत अडकलं, तर रिंगेचे तुकडे.

"पण हा पंखा?" मी विचारलं. "ह्याचं माप झिजलेल्या दातावरून कसं घेणार? चांगला एक नमुना पाहिजे. तुझ्या बाबांची वही असेल बघ."

वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, तेलकट. अडचण अशी, की ती कन्नडमध्ये होती! बाबा सरकारी नोकरीत, खात्याची कन्नड परीक्षा द्यायची होती, म्हणून सरावासाठी त्यांनी गाडीचा हिशोब कन्नडमध्ये लिहायला घेतला आणि सवयच लागली. मी मराठी शाळेतला. कन्नड बोलतो फर्डं, वाचायला बसलो की बसच्या पाटीपुरतं. सौ. धारवाडची. स्वयंपाक आवरून ती वही घेऊन बसली. १९९३, सिलेंडर बोअर, पिस्टन ६५.५०. अमुक सील, तमुक बेअरिंग. मग ती थांबली. "अहो, इथं लिहिलंय, हुक्केरीच्या सरांच्या गाडीचा किकचा दांडा काढून आपल्याला लावून बघितला. एरडू ओंदे."

दोन्ही एकच.

मी बाबांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणजे चांगला नमुना कुठं आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

हुक्केरीचे सर म्हणजे बाबांचे कचेरीतले मित्र. दोघांनी एकाच आठवड्यात गाड्या घेतल्या होत्या. ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गेले. तेव्हा जायला परवानगी नव्हती. नंतर उघडलं तेव्हा बाबांना बरं नव्हतं. मग वर्ष झालं, आणि वर्ष झाल्यावर भेटायला जायचं तरी कसं, म्हणून राहिलं ते राहिलंच. "जिथं माती द्यायला गेलो नाही," बाबा म्हणाले, "तिथं लोखंड मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

सौ.नंच तोडगा काढला. "मामा, लोखंड नका मागू. नुसतं भेटायला जाऊ."

आम्ही तिघं गाडी करून गेलो. मेस्त्रीही आले, हत्यारांची पिशवी पायाशी लपवून. दारात अक्का उभ्या होत्या. बाबांना ओळखायला त्यांना दोन क्षण लागले. म्हणाल्या, "ईग बंद्री?" आत्ता आलात? एवढंच. बाबा म्हणाले, "तप्पातरी, अक्का." मग दोघंही काही बोलेनात. मी चपला काढायच्या निमित्तानं खाली बघत राहिलो. शेवटी अक्काच म्हणाल्या, "ओळग बर्री."

चहा झाला, सरांच्या फोटोला हार घालून झाला. गोष्टी निघता निघता येझदीवर आल्या, मी काढल्या नाहीत, अक्कांनीच काढल्या. गाडी गोठ्यात पोत्यांखाली होती. सीटवर कोंबडी बसलेली. पोती काढली तर आमच्या गाडीपेक्षा ती जास्त धड! टाकीला पोचा नाही, दोन्ही सायलेन्सर मूळचे. मग सौ.नं सगळं सांगून टाकलं. अक्कांनी हात झटकला, "गाडीन तगोंड होग्री." अख्खी गाडीच घेऊन जा म्हणाल्या. मुलगा बेंगळुरूला, तो काही चालवणार नाही, आणि पैसे कसले घेता.

खरं सांगतो, माझा हात किल्लीकडं गेला होता.

मेस्त्रींनी झाकण उघडलं. पंखा आत कोरा करकरीत, एकेक दात जागेवर. बाबांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं दातांवरून फिरवला, आणि मला म्हणाले, "पंधरा दिवसांनी हा परत इथंच बसला पाहिजे. त्यांच्या गाडीचा आहे." मी म्हणालो, अक्का देतायत की. बाबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी चौथीत असल्यासारखा गप्प बसलो.

उद्यमबागेत एका नगासाठी कुणी यंत्र लावत नाही. चार ठिकाणी नकार ऐकला. पाचव्या ठिकाणचा तरुण मालक मेस्त्रींचा जुना गिऱ्हाईक निघाला. व्हर्निअरनं दोन शतांशापर्यंत मापं घेतली. तो म्हणाला, पंखा कापत नाहीत, अख्खं चाक कापतात आणि त्याचे तुकडे करतात, तेव्हा एकाच्या खर्चात दोन होतील. पोलादाला केस हार्डनिंग केलं, म्हणजे दात वरून कडक आणि पोटातून चिवट. आतपर्यंत कडक केला तर किकच्या झटक्याला काचेसारखा तुटतो. आमच्या जुन्या दांड्यावरचा झिजलेला पंखा काढून नवा दाबून बसवला, खुंटी मारली. मेस्त्रींनी कानस घासून बघितली. घसरली.

चौथ्या किकला गाडी लागली. धुरानं परस भरलं, शेजारच्या काकू खोकत बाहेर आल्या. बाबांना कमी ऐकू येतं, त्यांनी टाकीवर पंजा टेकवून ठेवला होता.

ठरल्या दिवशी हुक्केरीला गेलो. अक्कांचा पंखा अक्कांच्या गाडीत बसला. किक मात्र जाग्यावरून हलेना, पिस्टन सिलेंडरला धरून बसला होता. मेस्त्रींनी प्लग काढून छिद्रातून डिझेल ओतलं आणि महिनाभर हात लावू नका म्हणाले. अक्कांनी विचारलं, "मत्त याग बर्तीरी?" परत कधी येणार? बाबा म्हणाले, डिझेल मुरलं की.

घरी आल्यावर बाबांनी निळी वही मागवली. तारीख घातली, पंख्याची मापं लिहिली, उरलेला दुसरा पंखा कपाटात कुठल्या खणात ठेवलाय तेही लिहिलं. एका अक्षरापाशी अडले, तेव्हा स्वयंपाकघराकडं बघून सौ.ला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून एक मात्रा दुरुस्त केली आणि परत गेली.