लांबचा प्रवास आणि पायांचा विसावा

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. नोकरी, बाजारहाट, मुलांची शाळा, समाजाची कामे, सगळ्यांसाठी तीच उपयोगी पडते. आम्ही सहा दिवस खुर्चीत बसून कारकुनी करतो आणि रविवारी कामानिमित्त गावोगाव जातो. सीताबर्डीहून चंद्रपूर काय, अमरावती काय, अंतर साधारण दीडशे किलोमीटर. चाळिशी उलटलेल्या माणसाचे गुडघे एवढ्या प्रवासात आखडतात, कारण पाय तासन् तास एकाच कोनात वाकलेले असतात.

बर्डीवरच्या एका मिस्त्रीने आम्हाला उपाय सांगितला. "भाऊ, लेगगार्डला समोर फूटरेस्ट लावून घ्या." यालाच हायवे पेग म्हणतात. दोन क्लॅम्प, नटबोल्ट आणि मिटणारी दोन पायदाने, एवढेच सामान. अर्ध्या तासात काम झाले.

मात्र लावताना काही गोष्टी पाहून घ्याव्यात. लेगगार्डचा पाइप मजबूत हवा आणि क्लॅम्प त्याच जाडीचा हवा. मध्ये रबराची पट्टी घातली की क्लॅम्प सरकत नाही. पायदान मिटणारेच घ्यावे, म्हणजे गाडी कलली तर ते रस्त्याला अडकत नाही. गाडीवर बसून पाय ठेवून पाहावा. गुडघा किंचित वाकलेला राहावा आणि पाय तापलेल्या इंजिनला लागू नये. सांगाड्याला वेल्डिंग करू देऊ नये. पहिल्या प्रवासानंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

आता मुख्य गोष्ट. पाय पुढे गेला की तो ब्रेकवरून उठतो. पुढचा ब्रेक हातात असतो हे खरे, पण मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आणि गिअर डाव्या पायाखाली असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. पाय मागे आणायला एक सेकंद लागला तरी तेवढ्यात समोर आलेली म्हैस किंवा उलट्या बाजूने आलेला ट्रॅक्टर गाठला जातो. म्हणून बुटीबोरीपर्यंतच्या गर्दीत आमची पायदाने मिटलेली असतात. पुढे रस्ता मोकळा दिसला तरच पाच-दहा मिनिटे पाय लांब करायचे आणि पुन्हा जागेवर आणायचे. गाव, चौक, वळण आणि पावसात तर नाहीच. शिवाय पाय पुढे असताना सगळा भार माकडहाडावर येतो. खड्डा आला तर पायांवर जोर देऊन उठता येत नाही आणि दणका थेट कमरेला बसतो.

मागे बसणाऱ्या माणसाचाही विचार हवा. भद्रावतीला जाताना आमची पत्नी म्हणाली, "तुम्ही पाय लांब केले, मी कुठे करू?" प्रश्न रास्त होता. मागच्या माणसासाठी असे पायदान नसते. तेव्हापासून आम्ही तासाभराने थांबतो. जामला उतरून दहा मिनिटे चालतो, पाणी पितो, मग पुढे निघतो. दोघांचेही गुडघे मोकळे होतात आणि त्याला पैसा लागत नाही.

ज्यांना लांब फिरावे लागते त्यांनी ही पायदाने जरूर लावावीत. पण त्यांच्या भरवशावर न थांबता दीडशे किलोमीटर रेटू नयेत. घरची माणसे आपली वाट पाहत असतात. अर्धा तास उशिरा पोहोचलो तरी चालेल, धडधाकट पोहोचणे महत्त्वाचे.