अर्धी बटणं

सहापैकी तीन बटणं चालत होती. एकही चाललं नसतं तर मी निवांत असतो. साफ मेलेल्या सेटचं काय, आधी सप्लाय बघायचा, मग फ्यूज, कुठेतरी तुटलेलं सापडतंच. अर्धवट चालणारी वस्तू मात्र मेकॅनिकला जेवू देत नाही.

वस्तू अशी होती: सेट-टॉप बॉक्सचा साधा रिमोट, त्याच्या पोटातून बाहेर काढलेल्या बारा तारा, त्या तारा एका छोट्या बोर्डावर आणि तो बोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलेला. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तार ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. डाव्या हाताची तर्जनी तेवढी भरवशाची राहिली. त्यांच्या नातीने कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर सहा चौकोन एकामागून एक उजळत जातात. हवा तो उजळला की काकांनी हाताशी ठेवलेलं मोठं बटण दाबायचं. चौकोनापासून टीव्हीपर्यंतचा रस्ता मात्र तिला जमेना. "काका, तेवढं तुम्ही बघा ना," म्हणून ती दुकानात आली.

जाणकार म्हणतील, त्यासाठी रिमोट फोडायचा कशाला? त्याचे कोड वाचून घ्यायचे आणि बोर्डाला एक एलईडी लावून तिथूनच पाठवायचे. खरंय. पण मी तीस वर्षं डाग देत आलोय, कोड लिहीत नाही. शिवाय काकूंना हाच रिमोट हातात धरून वापरायचा होता. तेव्हा ठरवलं, बटण बोटाने दाबलं की कॉम्प्युटरने, हे रिमोटला कळूच द्यायचं नाही.

रिमोट उघडला की आत फारसं काही नसतं. रबराच्या प्रत्येक बटणाखाली कार्बनचा काळा ठिपका आणि बोर्डावर दोन्ही हातांची बोटं गुंतवावीत तसे दोन काळे पट्टे. ठिपका टेकला की पट्टे जोडले जातात. या कार्बनवर कथील धरत नाही, आयर्न लावलं तर तो जळून जातो. म्हणून पट्ट्याकडे जाणारा ट्रॅक शोधायचा, त्यावरचा हिरवा लेप ब्लेडने खरवडायचा आणि तांबं चमकलं की दोन सेकंदांत डाग देऊन हात मागे घ्यायचा. तिसरा सेकंद झाला की ट्रॅक सालासारखा सुटून वर येतो. माझा एक आलाच. तारा जुन्या हार्ड डिस्कच्या पट्टीतून सोलून घेतल्या. इतक्या बारीक आणि मऊ तारा विकत घ्यायला जीव होत नाही.

दर बटणाला एक पीसी ८१७. तपकीर गल्लीतून दहा आणले होते. चार पायांचा हा काळा तुकडा म्हणजे आत एका बाजूला एलईडी आणि समोर उजेड पडला की चालू होणारा ट्रान्झिस्टर. मध्ये तारेची जोडणी नाही. अलीकडे त्या छोट्या बोर्डाचे, म्हणजे आर्डुइनो नॅनोचे, ५ व्होल्ट, पलीकडे रिमोटच्या दोन पेन्सिल सेलचे ३ व्होल्ट. दोघांची गाठ फक्त उजेडातून पडते. आर्डुइनोच्या पायाला ३३० ओहमचा रेझिस्टन्स, की झालं.

पहिली संध्याकाळ तर बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नव्हता, यातच गेली. ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा टाकला. शेवटी कळलं की केबल फोन चार्ज करण्यापुरतीच होती, आत डेटाच्या तारा नव्हत्याच. त्याबद्दल अधिक न बोललेलं बरं.

मग ती तीन बटणं. आवाज वाढव, आवाज कमी कर आणि ओके ही चालायची. पॉवर आणि चॅनेलची दोन्ही मुकी. मला वाटलं, माझाच डाग कच्चा, ड्राय सोल्डर. तिन्ही जागी पुन्हा डाग दिले. नाही. मग पीसी ८१७ बदलले, रेझिस्टन्स बदलले, आर्डुइनोचे पाय बदलून पाहिले. एकदा तर तीनही गोष्टी एकदम बदलल्या. नव्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

रिमोटचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा दिसतो. पुढचा कॅमेरा त्यासाठी बरा. रिमोट समोर धरला. आवाजाच्या कमांडला स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला, चॅनेलच्या कमांडला काळोख. रबराचं बटण बोटाने दाबलं तर चॅनेललाही ठिपका येत होता. म्हणजे रिमोट ठणठणीत होता. दोष माझ्या तारांत होता, पण तारा तर एकीकडून दुसरीकडे नीट पोचत होत्या, मीटर पीं पीं करून सांगत होता.

तेव्हा कुठे मी मीटर व्होल्टवर टाकला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल एकेका तारेला. आवाजाची डावी तार २.९ व्होल्ट, उजवी शून्य. चॅनेलची डावी शून्य, उजवी २.९.

उलटं होतं. रबराच्या बटणाला दिशा नसते, कार्बन दोन्हीकडून सारखाच. पण ट्रान्झिस्टरला असते. त्यात करंट कलेक्टरकडून एमिटरकडे नीट जातो, उलटा ढकलला तर तो जवळजवळ नकारच देतो. रिमोटची चिप काही पायांवर २.९ व्होल्ट धरून वाट पाहत असते आणि काही पाय शून्यावर ठेवून एकेक तपासत जाते. मी सगळीकडे शहाण्यासारखी लाल तार डाव्या पट्ट्याला आणि काळी उजव्याला लावली होती. बोर्ड आखणाऱ्याला जागा मिळेल तसा त्याने ट्रॅक फिरवला होता, माझ्या रंगांशी त्याला काय करायचंय? तीन बटणांत लाल-काळी अदलाबदल केली. सहाही चालली.

वर जाऊन जोडलं. नातीने प्रोग्रॅम सुरू केला आणि टीव्ही बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा प्रोग्रॅम सुरू केला, पुन्हा बंद. काकू म्हणाल्या, "अहो, हे काय लावून ठेवलंय?" काका हसत होते, एका बाजूने.

पॉवरचं बटण आधी मुक्या तिनांत होतं, म्हणून हा दोष लपून राहिला होता. प्रोग्रॅमने पोर्ट उघडला की आर्डुइनो आपणहून रिसेट होतो आणि जागा होताना १३ नंबरच्या पायावरचा दिवा दोन-तीनदा लुकलुकवतो. आणि पॉवरची तार मी बरोबर १३ नंबरला लावली होती, कारण तो पाय कडेला होता, डाग द्यायला सोपा. तार ७ नंबरला नेली. नातीने कोडमध्ये आकडा बदलला आणि पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबायची एक ओळ घातली, नाहीतर पहिली कमांड बोर्ड जागा होण्याआधीच वाया जायची.

काकांना हे सगळं समजावून सांगायला मला आवडलं, कारण ते खरंच ऐकतात. सांगितलं, रिमोट सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, त्या लुकलुकीचे तुकडे पाडून निरोप जातो. बऱ्याच रिमोटमध्ये तुकडे सगळे सारखेच असतात, मधली जागा तेवढी लहान-मोठी. लहान म्हणजे शून्य, मोठी म्हणजे एक. काका बराच वेळ गप्प होते. मग अडखळत म्हणाले, "आमच्याकडे... उलट. डिट... लहान, डा... मोठा. जागा... सारखी." मोर्सच्या अक्षरातली जागा सारखी असते, हे मी विसरलो होतो. देशातली तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली, तरी त्यांची तर्जनी अजून चादरीवर ठोके देते.

आठ दिवसांनी नात पुन्हा दुकानात आली. आजोबांना सातवं बटण हवंय म्हणाली.

"कुठलं?"

"म्यूट. आजीची मालिका लागली की."

पेटीत पीसी ८१७ उरला होता. रिमोट उघडला, ट्रॅक खरवडला. या खेपेला तार कापण्याआधी मीटर लावला. डावीकडे शून्य, उजवीकडे २.९.