नळाचा खोकला

ऑक्टोबरच्या मध्यावर, मेपलची पानं अंगणभर पडून झाली की एका शनिवारी उन्हं कलताना मी आमच्या मोटारहोममधल्या इवल्याशा बेसिनपाशी उभी राहते आणि नळ सोडते. आधी काहीच येत नाही. मग नळीत कुठेतरी खोल घुरघुर होते, नळ थरथरतो, एकदा खाकरतो, फुर्र करून वारा सोडतो, आणि मी मिनेसोटात उरत नाही.

सोलापूरच्या आमच्या चाळीत नळ असाच खोकायचा. पाणी दिवसाआड यायचं, तेही पहाटे चारच्या सुमाराला, आणि त्या सुमाराचा काही भरवसा नसे. म्हणून आजी निजताना नळ मुद्दाम उघडा ठेवायची आणि त्याच्याखाली पितळी परात पालथी घालायची. पाण्याआधी वारा यायचा. नळ घसा साफ करायचा, मग परातीवर टण्ण करून पहिला थेंब. तोवर आजीचा खरखरीत हात माझ्या खांद्यावर आलेला असायचा. "ऊठ गं, नळ आलाय." पुढचा तासभर चाळीत नुसता भांड्यांचा आवाज: हंडे, कळश्या, घागरी, पत्र्याच्या बादल्या, आणि तांब्या-तांब्याने भरत जाणारं मोरीतलं पिंप. तेवढ्या अंधारात बायका एकमेकींशी कुजबुजत बोलायच्या. पाण्याला जाग येऊ नये म्हणून की काय, कोण जाणे.

आणि इथे मी पाण्याला निरोप देत असते.

इथला हिवाळा थट्टा करत नाही. उणे तीस सेल्सिअसच्या रात्री येतात, आणि गाडी सहा महिने अंगणात निजून असते. चार अंशांपर्यंत पाणी थंड होता होता आक्रसत जातं, इथवर ते शहाण्यासारखं वागतं. त्याखाली मात्र ते पुन्हा फुलू लागतं, आणि गोठताना तर सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. नळीच्या कोपरात, पंपाच्या डोक्यात, नळाच्या पोटात राहिलेला एखादा घोट रात्रीत प्लॅस्टिक फोडतो. पहिल्या वर्षी मी सगळं केलं आणि बाहेरच्या अंगाला झडपेआड असलेला शॉवर विसरले. पायांची वाळू धुवायला दिलेला तो बिचारा शॉवर! एप्रिलमध्ये पाणी भरलं, पंप चालू केला, आणि भिंतीच्या आतून बारीक पावसासारखा आवाज येऊ लागला. तो ऐकून पोटात जे झालं, ते अजून होतं.

आता मी सावकाश करते. सरोवराकाठच्या नॉर्थ शोरवरची शेवटची फेरी आटोपून येताना सांडपाण्याच्या टाक्या वाटेतच रिकाम्या केलेल्या असतात. मग ताज्या पाण्याची टाकी, मग गाडीच्या पोटाखालच्या दोन तोट्या, एक गरम पाण्याची, एक थंड. गिझर पुरता निवल्याशिवाय आणि त्याच्या झडपेतून दाब सोडल्याशिवाय बूच काढायचं नाही. आमच्या गिझरच्या बुचाला एक मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून स्वतःच झिजणारी. दर दोनेक वर्षांनी ती काढते तेव्हा हातात एक खडबडीत, कुरतडलेली तार उरलेली असते, आणि मला ती पटकन फेकून देववत नाही.

फेकून देववत नाही असं म्हणावं तर पाण्याचंही तेच. गिझरचे सहा गॅलन, म्हणजे तेवीसेक लिटर, डांबरी वाटेवरून खळखळत गटाराकडे निघतात. मी बादली लावते. शेजारी कुंपणापलीकडून हात हलवतो. ही बाई दरवर्षी बाद पाणी का साठवते, हे विचारण्याइतका तो उद्धट नाही. बागेत पाजावं असं आता काही उरलेलं नसतं. तरी मी ते उघड्या पडलेल्या गुलाबाच्या बुंध्याशी नेऊन ओतते. टाकीतलं दीडशे लिटर पाणी जमिनीवर सोडताना पाठीशी कुणीतरी उभं आहे, पदर खोचून, असं वाटत राहतं.

मग नळ्या फुटू नयेत म्हणून ते गुलाबी औषध. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये असतं तसलं विषारी नव्हे. पण रंग असा की सरबत म्हणून ग्लासात ओतावं, नि पाहुण्यापुढे ठेवावं. गिझरची वाट वळवून बंद करते, नाहीतर सगळं औषध त्याच्याच पोटात जातं. पंपाची नळी कॅनमध्ये सोडते आणि एकेक नळ उघडत जाते. आधी गरम, मग थंड. बेसिन, शॉवर, संडासाचं पाणी, आणि हो, झडपेआडचा तो शॉवर. प्रत्येक नळ आपापल्या आवाजात खोकतो, थोडं स्वच्छ पाणी टाकतो, मग फिकट, मग गडद गुलाबी. शेवटी मोऱ्यांच्या वाकड्या नळीत एकेक पेला.

चाळीतल्या नळाला आधी तांबूस, गंजाचं पाणी यायचं. ते मोरी धुवायला जायचं, आणि निवळशंख धार लागेपर्यंत आम्ही हंडा पुढे करत नसू. इथे मी उलटी वाट बघते. स्वच्छ पाणी जाईपर्यंत थांबते, रंग आला की हुश्श करते. एवढासा फरक. पण दरवर्षी हात क्षणभर अडखळतो, निवळ धार बघून नळ बंद करायला धावतो.

पंप थांबतो. पुढच्या काचेतून तिरपं, पिकलेलं ऊन आत येतं, ओट्यावर, रिकाम्या कॅनवर, माझ्या गुलाबी बोटांवर. वरून हंसांचा थवा दक्षिणेकडे ओरडत जातो. घड्याळात साडेपाच. म्हणजे तिकडे पहाटेचे चार.

आजी जाऊन वीस वर्षं झाली. चाळही पडली.

मी सगळे नळ बंद करत येते, बेसिनपाशी थांबते, आणि तो एक अर्धवट उघडा ठेवते. खाली एक ताटली पालथी घालते. मग दिवा मालवून पायऱ्या उतरते.