गाडीचे शॉकअप : रुबाबासाठी की जिवासाठी?

अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला या भागातल्या आपल्या वस्त्यांमधून फिरताना एखाद्या तरी दारासमोर पिकअप उभी दिसते. वरुड-मोर्शीची संत्री, दर्यापूरचा हरभरा, कापूस, तूर, सिमेंटच्या गोण्या, जयंतीचा मंडप, जे भाडे मिळेल ते न्यायचे आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायचा. गाडी नुसती लोखंडाची नसते. तिच्यावर घरचा किराणा, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईचे औषध चालते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. १९९० साली बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. अशा मार्गांनी आपली मुले धंद्यात उतरली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण गाडी घेणे वेगळे आणि गाडी समजून घेणे वेगळे. आज लिहायचे आहे ते गाडीच्या एका लहानशा भागाविषयी, म्हणजे शॉकअपविषयी.

आपल्याकडे रस्त्याची दोन रूपे आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एकपदरी हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात गेली. त्या रस्त्यावर गाडी पाण्यासारखी चालते. पण माल काही महामार्गावर पिकत नाही. तो आणायला पांदणीत शिरावे लागते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिथला रस्ता दरवर्षी वाकडातिकडा होतो. धारणी, चिखलदऱ्याकडे गेले तर मेळघाटचे वळणाचे घाट आणि दगडगोटे. जो पिकअपवाला या दोन्ही रस्त्यांवर भाकर कमावतो, त्याला शॉकअप नीट निवडता आले पाहिजे.

कर्जाचे कागद भरून घ्यायला मुले माझ्याकडे येतात. मी कारकून माणूस, हिशेब पाहण्याची सवय. परवा असाच एक मुलगा आला. बाहेरदेशी बनावटीचे, जाड नळीचे, भडक रंगाचे शॉकअप टाकायचे म्हणत होता. चार शॉकअपची किंमत त्याच्या तीन हप्त्यांच्या वर जात होती. मी कारण विचारले. तो म्हणाला, "काका, हे टाकले का गाडी दोन टन आरामात नेते."

मी त्याला घेऊन आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि एका वाक्यात निकाल दिला, "बाबू, ओझं पाटे उचलतात. शॉकअप फक्त पाट्यांले आवरते."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. खड्डा आला की पाटा दबतो आणि लगेच उसळतो. त्याला आवरणारे कोणी नसेल तर तो बराच वेळ वरखाली होत राहील आणि चाक जमीन सोडून उडेल. उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग. शॉकअपमध्ये तेल असते. दट्ट्या वरखाली होताना ते तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलले जाते, त्यामुळे उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. शॉकअपचे खरे काम चाक जमिनीला टेकवून ठेवण्याचे आहे. त्याने गाडीची वजन नेण्याची ताकद एक किलोनेही वाढत नाही.

मग चांगले शॉकअप घेण्यात अर्थच नाही का? आहे. खराब रस्त्यावर तासन् तास गाडी चालली की शॉकअपमधले तेल तापते, त्यात फेस होतो आणि घाट उतरताना नेमक्या वेळी शॉकअप ढिले पडते. ज्यात तेलासोबत नायट्रोजन वायू भरलेला असतो, त्यात फेस कमी होतो. रोज पांदण आणि घाट असणाऱ्याने तसे घेणे शहाणपणाचे आहे. जाड नळीच्या शॉकअपमध्ये तेल जास्त मावते, म्हणून ते उशिरा तापते. एकनळी शॉकअपची बाहेरची भिंत थेट वाऱ्याला लागते, त्यामुळे ते लवकर थंड होते. पण दगड लागून नळीला पोचा पडला तर आतला दट्ट्या अडकतो. दोननळी शॉकअप थोडा मार सोसते आणि स्वस्तही पडते. बाजूला वेगळी तेलाची डबी असलेले शॉकअप शर्यतीच्या गाड्यांसाठी असतात. संत्र्याच्या गाडीला त्यांची गरज नाही. आपल्या देशात गॅब्रिएलसारखी कंपनी १९६१ पासून शॉकअप बनवते. गाडीच्या मॉडेलला आणि मापाला बरोबर बसणारे अस्सल शॉकअप पक्क्या बिलावर घेतले, तर बहुतेकांचे काम त्यात भागते.

कडकपणाविषयी एक सांगतो. पुष्कळांना वाटते, जितके कडक तितके मजबूत. तसे नाही. फार कडक शॉकअप टाकले तर रिकामी गाडी टणाटणा उडते, चालकाची कंबर जाते आणि चेसिसला तडे जातात. फार ढिले असले तर भरलेली गाडी वळणावर डुलते. भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेच्या तारेची गोष्ट सांगितली होती. तार फार ताणली तरी स्वर नाही, फार सैल सोडली तरी नाही. मिस्त्रीसुद्धा तेच सांगतो. आपली गाडी महिन्यातून किती दिवस भरलेली आणि किती दिवस रिकामी चालते, किती वजन असते, किती कच्चा रस्ता लागतो, हे आधी एका वहीत लिहा. ती वही घेऊन दुकानात जा. दुकानदार सांगेल ते घेण्यापेक्षा वही सांगेल ते घ्या.

त्या मुलाला गाडी उंचही करायची होती. मित्रांच्या गाड्या उंच दिसतात म्हणून. उंच गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर ती लवकर उलटते. शिवाय पाटे उंच केले आणि शॉकअप जुन्याच लांबीचे ठेवले, तर ते ताणून तुटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. आणि जादा माल भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. महिन्याची कमाई एका चेकपोस्टवर जाते.

इथे मला चाळीसगावची घटना आठवते. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याला पायी नेणे बरे दिसणार नाही म्हणून आपल्यातल्याच एकाने, कधी टांगा हाकला नसताना, लगाम हाती घेतला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे ही हकिकत लिहिताना त्यांनी टांगेवाल्यांचा माज तर दाखवलाच, पण आपला मान राखण्यासाठी आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही लिहून ठेवले.

आज लगाम आपल्या हातात आहे. गाडी आपली, परवाना आपला, चालवणाराही आपला. मग मान आणि जीव यांत आधी काय, हे आपल्याला कळले पाहिजे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचे असते, तेव्हा मालाच्या पिकअपमध्ये तीस-तीस माणसे, मांडीवर लेकरे घेतलेल्या बाया दाटीने बसतात. "नवे शॉकअप आहेत, काही होत नाही," असे कोणी म्हटले तर त्याला थांबवा. कोणतेही शॉकअप मालगाडीची प्रवासी गाडी करत नाही. ते कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडचणीत येते. त्या दिवशी एसटीने जा, रेल्वेने जा, वस्तीने मिळून बस ठरवा.

ज्यांना शॉकअप बदलायचेच आहेत त्यांनी खर्च या क्रमाने करावा. पहिल्यांदा ब्रेक आणि टायर. टायरवर मध्येमध्ये खळगे पडून घासले असतील तर शॉकअप गेल्याची ती खूण असू शकते. मग पाटे पाहा, एखादे पान तुटले आहे का, यू-बोल्ट ढिले आहेत का. मग रबरी बुश. त्यानंतर शॉकअप. नळीवर तेल ओघळलेले दिसले किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी झुलतच राहिली तर बदला. बदलताना एका धुऱ्यावरचे दोन्ही बदला, एक नवे एक जुने ठेवू नका. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी जमिनीवर तिच्या चाकांवर उभी असू द्या. जॅकवर लटकत असताना आवळले तर बुश पिळले जाऊन लवकर फाटतात.

त्या मुलाने शेवटी मागचे दोन गॅसचे शॉकअप मूळ मापाचे घेतले, एक तुटके पान बदलले आणि पुढचे दोन टायर नवे टाकले. उरलेल्या पैशांतून एक हप्ता आगाऊ भरला. गाडी पूर्वीइतकीच उंच आहे. गेल्या आठवड्यात तो सेमाडोहच्या बाजूने भाडे घेऊन आला आणि पोरीला शाळेत सोडायला वेळेवर घरी पोहोचला.

जयभीम.