पॅसिफिक ग्रोव्हच्या खडकांतील गुलाबी पाहुणा

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात माँटेरे उपसागराच्या काठी पॅसिफिक ग्रोव्ह हे लहानसे गाव आहे. नातलगांकडे गेलो असता जून महिन्यात पहाटेच्या ओहोटीला आम्ही तेथील पॉइंट पिनोसच्या खडकांवर उतरलो. समुद्र मागे हटला की कातळाच्या खळग्यांत पाणी उरते. ते इतके गार, की हात घालताच बोटे बधिर व्हावीत.

अशाच एका खळग्यात बोटाच्या पेराएवढा गर्द गुलाबी जीव दिसला. पाठीवर लांब लांब मऊ काटे. समुद्रफूलच वाटावे, पण तो सरकत होता! म्हणजे ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय. आपल्या शेतातल्या शेंबडीची दूरची नातलग. पण जात कोणती?

नुसत्या रंगावर ओळख पटत नाही. कल्ले, खाणे आणि अंडी पाहावी लागतात. काही जाती पाठीवरच्या बोटांसारख्या काट्यांतूनच श्वास घेतात, तर काहींच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा असतो. नवखा माणूस इथेच फसतो, कारण या जीवाचा तुरा काट्यांच्या गर्दीत दडलेला असतो. वाकून, धीर धरून पाहिले तेव्हा तो दिसला. शेजारी कातळावर गुलाबी पापुद्रा होता. ते शेवाळ नव्हे, सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. हा जीव तीच खरवडून खातो आणि तिचाच रंग अंगावर वागवतो. जवळच गुलाबी अंड्यांची गुंडाळलेली फीत होती. खूण पटली. हा 'हॉपकिन्स रोज'!

१९०५ साली फ्रँक मॅकफार्लंड यांनी त्याचे नाव 'हॉपकिन्सिया रोझेशिया' ठेवले. १८९२ साली याच गावात सुरू झालेल्या सागरी प्रयोगशाळेला टिमोथी हॉपकिन्स या धनिकाने मदत केली होती, त्याचा हा मान. पुढे शास्त्रज्ञांनी शरीररचना पुन्हा तपासली आणि जीव 'ओकेनिया' गटात गेला. धनिकाचे नाव शास्त्रातून उतरले, बोलण्यात तेवढे राहिले. पुराव्यापुढे कोणाचीही भीड नाही!

एवढ्याशा जिवाची एवढी चौकशी कशाला? २०१५ साली समुद्राचे पाणी कोमट झाले, तेव्हा एरवी दक्षिणेकडे जास्त आढळणारे हे जीव उत्तरेला हम्बोल्टपर्यंत मोठ्या संख्येने दिसले. त्यांना ओळखणारी माणसे किनाऱ्यावर होती, म्हणूनच समुद्राने दिलेली ही सूचना वाचता आली.

आपल्या मुलांनाही किनाऱ्यावर न्या. काही उचलू नका, दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवा. आधी नीट पाहा, मगच नाव द्या.